पोलिसाच्या बंदुकीतून 'चुकून' गोळी सुटली आणि निरपराध माणूस गेला, तर जबाबदार कोण? कायदा काय सांगतो?

८ डिसेंबर २०२३. उत्तर प्रदेशातल्या अलीगढ शहरातलं कोतवाली पोलीस ठाणं. एक महिला पासपोर्टच्या पडताळणीसाठी मुलासोबत ठाण्यात आली होती. समोर उभ्या उपनिरीक्षकाच्या हातात सहकाऱ्याने पिस्तूल दिलं. तो ते हाताळत असतानाच गोळी सुटली आणि थेट त्या महिलेच्या डोक्यात लागली. काही दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीत हे सगळं कैद झालं होतं. तो व्हिडिओ देशभर फिरला, कदाचित तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल. उपनिरीक्षक तिथून पसार झाला, निलंबित झाला, त्याच्यावर बक्षीस लागलं आणि नंतर त्याला अटक झाली.

असा व्हिडिओ आला की कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो, "चूक झाली, मुद्दाम थोडीच केलं!" दुसरा म्हणतो, "हा सरळ खून आहे, फाशी द्या." कायदा या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या मानतो. उद्या असा प्रसंग नागपुरात, सीताबर्डीच्या गर्दीत किंवा एखाद्या ठाण्याच्या आवारात घडला, तर कोणती कलमं लागतील, तपास कोण करेल, घरच्यांना भरपाई मिळेल का आणि दाद कुठे मागायची, हे समजून घेऊया.

'चुकून' म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण 'अपघात' आणि 'निष्काळजीपणा' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायद्यात मात्र या दोन्हींमध्ये मोठा फरक आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या, म्हणजे आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १८ नुसार खरा अपघात हा गुन्हा नाही. पण त्यासाठी अटी आहेत. काम कायदेशीर असलं पाहिजे, ते कायदेशीर पद्धतीने केलेलं असलं पाहिजे, गुन्ह्याचा हेतू किंवा जाणीव नसली पाहिजे आणि योग्य ती काळजी घेतलेली असली पाहिजे.

पोलिसाच्या प्रकरणात सगळं या शेवटच्या अटीवर येऊन थांबतं. बंदूक हाताळण्याचे जगभरचे प्राथमिक नियम असे: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी माणसाच्या दिशेने धरू नका. गोळी झाडायची नसेल तर बोट ट्रिगरवर ठेवू नका. तुमचं लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे बघा. पोलिसाला हे प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. यातला एखादा नियम मोडला तरी 'योग्य काळजी घेतली' हा दावा टिकणं अवघड होतं. दोन-तीन नियम एकाच वेळी मोडले, तर त्याला अपघात म्हणणं आणखी कठीण.

ठाण्यात लोक समोर बसलेले असताना भरलेलं पिस्तूल त्यांच्या दिशेने धरून तपासणं याला म्हणूनच अपघात म्हणता येत नाही. ती हलगर्जी ठरते, आणि हलगर्जीने जीव गेला तर तो गुन्हा आहे.

कोणतं कलम लागतं?

मोठा वाद इथेच होतो, कारण कलम बदललं की शिक्षा कितीतरी पटीने बदलते.

- कलम १०६(१), निष्काळजीपणामुळे मृत्यू. कमाल शिक्षा ५ वर्षं आणि दंड. जुन्या आयपीसीत हेच कलम ३०४-अ होतं आणि शिक्षा फक्त २ वर्षांपर्यंत होती. हा गुन्हा जामीनपात्र आहे. हेच कलम गाडीने उडवलं तरी लागतं.

- कलम १०५, सदोष मनुष्यवध. आपल्या कृतीमुळे कुणाचा तरी जीव जाऊ शकतो याची जाणीव असूनही ती केली, तर १० वर्षांपर्यंत कैद. मृत्यू घडवण्याचा हेतू असेल, तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

- कलम १०३, खून. हेतू, किंवा कृती इतकी धोकादायक आहे की तिने मृत्यू बहुधा होणारच याची जाणीव, सिद्ध झाली तरच. आणखी एक तरतूद लक्षात घ्या. कलम १०२ नुसार, एकाला मारायला गेलात आणि गोळी दुसऱ्यालाच लागली, तरी गुन्हा कमी होत नाही. ज्याला मारायचं होतं तोच मेला असता तर जो गुन्हा ठरला असता, तोच इथेही ठरतो.

पोलिसांच्या बाजूनेही काही तरतुदी आहेत. कलम ४४ सांगतं की, प्राणघातक हल्ला होत असेल आणि निरपराध माणसाला धोक्यात घातल्याशिवाय स्वतःचा बचाव शक्यच नसेल, तर तो धोका पत्करण्याचा अधिकार आहे. समजा, गुंड पोलिसावर गोळ्या झाडतोय, पोलीस उलट गोळी झाडतो आणि ती वाटसरूला लागते. अशा वेळी हे कलम पुढे येतं. त्याशिवाय खुनाच्या व्याख्येत एक अपवाद आहे: सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना, प्रामाणिकपणे आणि कुठलंही वैर नसताना अधिकाराची मर्यादा ओलांडली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो.

या अपवादाची कसोटी दिल्लीच्या एका प्रकरणात लागली. ३१ मार्च १९९७ रोजी दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये सहायक पोलीस आयुक्त एस. एस. राठी यांच्या पथकाने एका मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव केला. पथक एका गुंडाच्या मागावर होतं. गाडीत मात्र भलतेच लोक होते. दोन व्यावसायिक जागीच गेले. 'ओळख पटवण्यात चूक झाली, आम्ही कर्तव्यच बजावत होतो' हा बचाव कोर्टाने मानला नाही. २००७ मध्ये दहा पोलिसांना जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. 'चूक झाली' हा बचाव पुरेसा नाही, हे या निकालातून स्पष्ट झालं. पण अंतिम निकालाला १४ वर्षं लागली.

गर्दीवर गोळीबार झाला आणि बघ्याला लागली तर?

महाराष्ट्रात पोलिसांच्या गोळीने सामान्य माणूस जाण्याच्या घटना ठाण्यातल्या पिस्तुलामुळे कमी आणि जमावावरच्या गोळीबारात जास्त चर्चेत आल्या. यातलं एक मोठं उदाहरण म्हणजे घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर.

११ जुलै १९९७ च्या पहाटे वस्तीतल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं लोकांना दिसलं. संतापलेले लोक महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या आदेशाने गोळीबार झाला. १० जण ठार आणि २६ जण जखमी झाले. गोळ्या वस्तीतल्या माणसांनाही लागल्या होत्या.

जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने ते फेटाळलं आणि गोळीबार अनावश्यक ठरवला. मे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. काही दिवसांतच उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. घटना १९९७ ची, शिक्षा २००९ ची. मधली १२ वर्षं त्या दहा घरांनी काय केलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात, पवना जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यात एक महिला होती. तिथेही चौकशी आयोग नेमला गेला.

जमाव पांगवण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार पोलिसांना कायद्यानेच दिला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा, त्याच्या कलम १४८ मध्ये तो आहे. पण आधी इशारा, मग कमीत कमी बळ आणि अगदी शेवटी गोळीबार, हा क्रम अपेक्षित असतो. गोळीबारही गरज संपली की लगेच थांबला पाहिजे. 'जमाव हिंसक होता' एवढं सिद्ध करून भागत नाही. ज्या दिशेला आणि ज्या उंचीवर गोळी झाडली, तिथे झाडण्याची गरज होती का, हा खरा प्रश्न असतो.

नागपूरला आठवणारी तारीख

नागपूरकरांना यात २३ नोव्हेंबर १९९४ आठवल्याशिवाय राहणार नाही. हिवाळी अधिवेशनावर आलेला गोवारी समाजाचा मोर्चा, पोलिसांचा लाठीमार, चेंगराचेंगरी आणि ११४ बळी. त्यात बायका आणि मुलं मोठ्या संख्येने होती. तिथे गोळी झाडली गेली नव्हती. तरी जबाबदारीचा प्रश्न तोच होता. न्यायमूर्ती दाणी आयोग बसला, पण त्याने कोणा एकालाही दोषी धरलं नाही. आज झिरो माईलजवळ स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या. चौकशी आयोग शिक्षा देऊ शकत नाही. तो फक्त अहवाल देतो आणि तो सरकारवर बंधनकारक नसतो. 'आयोग नेमला' म्हणजे 'खटला सुरू झाला' असं नव्हे. शिक्षा हवी असेल तर एफआयआर, तपास, आरोपपत्र आणि कोर्ट हाच रस्ता आहे.

मग तपास कोण करणार? पोलीसच पोलिसांचा?

सगळ्यात जास्त अविश्वास याच मुद्द्यावर असतो, आणि त्याला कारणही आहे. मुंबईतल्या चकमकींवरून सुरू झालेल्या 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यातली सामान्य माणसाने लक्षात ठेवायची अशी:

- पोलिसांच्या कारवाईत मृत्यू झाला की एफआयआर नोंदवायचा आणि तो कोर्टाला पाठवायचा.
- तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे द्यायचा, त्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याची देखरेख हवी.
- पोलीस गोळीबारातल्या प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारीय चौकशी व्हायलाच हवी.
- शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं चित्रीकरण करायचं.
- संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रं न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करायची.
- मृताच्या जवळच्या नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं.
- ही प्रक्रिया पाळली जात नाही असं वाटलं, तर कुटुंब सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करू शकतं.

प्रत्यक्षात पहिला घोळ होतो तो नोंदीवर. विदर्भात ज्याला आपण 'मर्ग' म्हणतो, ती आकस्मिक मृत्यूची नोंद करून विषय थांबवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. मर्ग म्हणजे गुन्हा नव्हे. त्यातून फक्त मृत्यूचं कारण शोधलं जातं. आरोपी ठरतो तो एफआयआरनंतर. त्यामुळे घरच्यांनी पहिला प्रश्न हाच विचारायचा: "मर्ग दाखल केलाय की गुन्हा?"

दुसरा घोळ पुराव्यावर होतो. सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कोणतं शस्त्र कोणाला, किती गोळ्यांसह दिलं, हे शस्त्र देण्याच्या नोंदीत असतं. किती गोळ्या परत आल्या, हेही तिथेच कळतं. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच लेखी अर्ज देऊन हे सगळं जपून ठेवण्याची मागणी करणं महत्त्वाचं.

पोलिसांना असलेली कायदेशीर कवचं

एफआयआर झाला म्हणजे खटला चालेलच, असं नाही. मधे परवानगीची पायरी आहे.

सरकारी नोकरावर कर्तव्याशी संबंधित कृतीसाठी खटला चालवायचा असेल, तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. जमाव पांगवताना केलेल्या कारवाईसाठी असंच वेगळं संरक्षण आहे. जुन्या कायद्यात ही परवानगीची फाईल वर्षानुवर्षं पडून राहायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये बदल झाला: सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर परवानगी मिळाली असं समजलं जाईल.

लोकांचा इथे एक गैरसमज असतो. ही परवानगी एफआयआरसाठी किंवा तपासासाठी लागत नाही. ती कोर्टाने गुन्ह्याची दखल घेताना लागते. त्यामुळे 'परवानगी नाही म्हणून गुन्हा नोंदवता येत नाही' असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही.

महाराष्ट्रात आणखी एक अडथळा आहे, जो फार थोड्यांना माहीत असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ नुसार, कर्तव्याच्या नावाखाली किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृतीबद्दलचा दावा किंवा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. राज्य सरकारची पूर्वपरवानगी असेल, तर फौजदारी खटल्याला दोन वर्षांपर्यंत मुभा आहे. कृती कर्तव्याशी खरंच जोडलेली होती का, यावर कोर्टात वाद घालता येतो. तरी घरच्यांनी 'आधी दिवस-कार्य आटपू, मग बघू' म्हणत महिने घालवणं महागात पडू शकतं. वकिलाला लवकर भेटलेलं बरं.

खातं काय करतं?

निलंबन ही पहिली बातमी असते आणि बहुतेक वेळा लोकांच्या लक्षात राहणारी शेवटचीही. पण निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी चालू असताना कामापासून दूर ठेवणं, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो आणि चौकशीत सुटला तर पोलीस पुन्हा कामावर येतो. बडतर्फी, पदावनती, वेतनवाढ रोखणं या खऱ्या खात्यांतर्गत शिक्षा.

ही चौकशी आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात सुटला म्हणून दुसऱ्यात आपोआप सुटत नाही, कारण खात्याच्या चौकशीत पुराव्याची कसोटी कोर्टाइतकी कडक नसते.

आणि प्रश्न एकट्या शिपायाचा नसतो. त्याला भरलेलं शस्त्र कोणी दिलं? शेवटचा सराव कधी झाला होता? जिथे लोक बसतात तिथेच शस्त्र हाताळलं जात होतं का? अलीगढच्या व्हिडिओत एक हात पिस्तूल देतो आणि दुसरा घेतो. चौकशी फक्त घेणाऱ्या हातापाशी थांबली, तर पुढची गोळी थांबत नाही.

भरपाई: ट्रकने उडवलं तर एक, गोळीने मारलं तर दुसरंच

वर्धा रोडवर कुणाला ट्रकने उडवलं, तर मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. मृताचं वय, कमाई, अवलंबून असणारी माणसं यावरून भरपाई काढण्याची ठरलेली पद्धत आहे. पोलिसाच्या गोळीने गेलेल्या माणसासाठी असं न्यायाधिकरण नाही, ठरलेलं कोष्टक नाही. मंत्री जाहीर करतात ती मदत असते, हक्क नसतो.

हक्काचे मार्ग तीन आहेत.

पहिला, उच्च न्यायालयात रिट याचिका. जगण्याचा हक्क राज्याच्या माणसाने हिरावला, तर राज्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या रुदुल शाह आणि १९९३ च्या नीलबती बेहरा प्रकरणांत पक्कं केलं. नीलबती प्रकरणात कोठडीतल्या मृत्यूसाठी दीड लाख रुपये देण्याचा आदेश झाला होता. 'सरकार सार्वभौम आहे, त्याच्यावर दावा लागत नाही' हा बचाव मूलभूत हक्कांच्या बाबतीत चालत नाही, हेही तिथेच ठरलं.

दुसरा, मानवी हक्क आयोग. इथे वकील लागत नाही, फी नाही. पण घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते आणि आयोग फक्त शिफारस करतो.

तिसरा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाई योजनेतून अर्ज. आरोपीला शिक्षा होण्याची वाट बघावी लागत नाही.

परदेशात काय होतं?

न्यूयॉर्कमध्ये २० नोव्हेंबर २०१४ रोजी पीटर लिआंग हा नवखा पोलीस एका इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यात हातात पिस्तूल धरून गस्त घालत होता. गोळी सुटली, भिंतीवर आपटून वळली आणि खालच्या मजल्यावरच्या २८ वर्षांच्या निःशस्त्र तरुणाला लागली. ज्युरीने लिआंगला मनुष्यवधासाठी दोषी धरलं. न्यायाधीशांनी तो गुन्हा कमी करून निष्काळजीपणाचा ठरवला, तुरुंगाऐवजी पाच वर्षं देखरेख आणि ८०० तास समाजसेवा अशी शिक्षा दिली. त्याची नोकरी गेली. कुटुंबाला ४० लाख डॉलरहून अधिक भरपाई मिळाली. घटनेपासून शिक्षेपर्यंत दीड वर्षही लागलं नाही.

लंडनमध्ये २००५ साली पोलिसांनी एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला आत्मघाती हल्लेखोर समजून मेट्रोत गोळ्या घातल्या. एकाही अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला चालला नाही. पण २००७ मध्ये अख्ख्या पोलीस दलालाच सुरक्षाविषयक कायद्याखाली दोषी ठरवून १ लाख ७५ हजार पौंडांचा दंड झाला. एका शिपायावर खापर फोडण्याऐवजी व्यवस्थेलाच आरोपी करता येतं, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे अशी सोय नाही.

नागपुरात असं घडलं तर काय करायचं?

१. ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे.

२. ठाण्याने नकार दिला, तर पोलीस आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. तिथेही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

३. मेयो किंवा मेडिकलमधलं शवविच्छेदन चित्रीकरणासह व्हावं, ही मागणी लेखी करा. अहवालाची प्रत मागा.

४. तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे द्यावा, अशी मागणी २०१४ च्या निकालाचा उल्लेख करून करा.

५. पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जा. २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्राने कायद्यात बदल करून राज्य आणि विभाग अशा दोन पातळ्यांवर हे प्राधिकरण आणलं.

६. कुठेच दाद लागली नाही, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं.

आणि तुमच्याकडे घटनेचा व्हिडिओ असेल, तर तो फॉरवर्ड करून मोकळे होऊ नका. मूळ फाईल जपून ठेवा. फॉरवर्ड झालेल्या फाईलमधून बरीच माहिती गळून जाते, कोर्टात उपयोगी पडते ती मूळ फाईल. अलीगढमध्ये 'काय झालं' यावर वाद उरला नाही तो कॅमेऱ्यामुळे. रमाबाई नगरात तेच ठरायला एक आयोग, एक खटला आणि बारा वर्षं लागली.